एक शून्य कमी

पूल वर उचललेला होता तेव्हा लॉर्नाचा फोन आला. खालून वाळूची बोट चालली होती, दोन्ही तीरांवर गाड्या थांबलेल्या, आणि माझा हात कळीवर. कामावर फोन घ्यायचा नाही हा नियम मी एकतीस वर्षं पाळलाय. मिलवॉकीतले पूल वरखाली करणाऱ्या माणसाने दुसरं काही पाळलं नाही तरी चालतं, पण हे पाळावं लागतं. पण फोनवर नाव आलं, 'ऑरिन घर'. ऑरिन हाउक एप्रिलमध्ये गेला, त्याला मातीत ठेवताना मी हजर होतो, आणि तरी ते नाव दिसल्यावर हात आपोआप पुढे गेला. त्याची बायको बोलत होती. "क्लेम, मी लॉर्ना. घर विकलं मी. महिनाअखेर बहिणीकडे जातेय, ग्रीन बेला. ऑरिनची ती पांढरी दुर्बीण आहे ना, तळघरातली? ती तू घे. तू एक शोधतोयस असं मार्जरी चर्चमध्ये सांगत होती. त्याने सहाशे डॉलरला घेतलेली, मला वर एक पैसा नको. सहाशे दे आणि घेऊन जा." मी म्हणालो, "सहाशे?" ती म्हणाली, "जास्त होतात का रे?" मी म्हणालो, नाही, जास्त नाही होत. शनिवारी येतो म्हणालो. फोन ठेवला आणि बघतो तर बोट केव्हाच वळणापलीकडे गेलेली, पूल अजून वरच, आणि खाली दोन्हीकडून भोंगे वाजतायत. एक ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, "झोपलास काय रे वर?" मी पूल खाली आणला.  

ती दुर्बीण सहाशेची नव्हती. सहा हजारांची होती. चार इंची भिंग, रंग न फुटणारं, आयोवातले दोन भाऊ आपल्या शेतावरच्या एका खोलीत हाताने घासून वर्षाला जेमतेम तीस बनवायचे. नाव नोंदवायचं आणि सात वर्षं वाट बघायची. ऑरिनचा नंबर लागला अठ्ठ्याण्णव साली. आता ते दोघे भाऊही नाहीत, आणि अशी एखादी कधी विकायला निघाली तर माणसं दुसऱ्या राज्यातून रात्रभर गाडी हाकत येतात. लॉर्नाला हे कुठून ठाऊक असणार? तिला ऑरिनने सांगितलं होतं तेवढंच ठाऊक. ते त्याने कसं सांगितलं तेही मला ठाऊक आहे, कारण ती युक्ती त्याने आम्हा सगळ्यांनाच शिकवली होती. आमचा आकाश बघणाऱ्यांचा क्लब महिन्यातून एकदा भरतो, दुसऱ्या बुधवारी, लुथरन चर्चच्या तळघरात. सभा संपली की बाहेर गाड्यांपाशी खरी सभा. तिथे ऑरिन गाडीच्या बॉनेटला टेकून, टोपी मागे सारून, नव्याने लग्न झालेल्या पोरांना सांगायचा, "बायकोला किंमत सांगताना शेवटचं शून्य खायचं. बास. भलतेसलते आकडे बनवत बसलात तर विसराल आणि मराल. शून्य खाल्लं की लक्षात राहतं." सगळे खो खो हसायचे. सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. ऑरिन म्हणजे छापखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस, बोटांच्या फटींत शाई कायमची, एक शब्द कधी वावगा बोलला नाही, कुणाचं वाईट केलं नाही. एवढं एक शून्य तेवढं खाल्लं. आणि ते खाऊन मेला, आता ते माझ्या घशात अडकलं.

मी हसायचो कारण मीही खात होतो. माझ्याकडे तीन होत्या. एक बारा इंची आरशाची, अंधुक गोष्टींसाठी. एक लांब नळीची, ग्रहांसाठी. एक आखूड, प्रवासासाठी. शिवाय नेत्रभिंगांची पेटी, जी मोज्यांच्या कप्प्यात असायची. माझ्या बायकोच्या, मार्जरीच्या हिशेबी सगळं मिळून अकराशे. मग गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पाऊस झाला, तळघरातला पंप बंद पडला, कंबरेएवढं पाणी. विमा कंपनीचा माणूस आला, कोवळा पोरगा, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून. त्याने विचारलं, या उपकरणांची किंमत? मार्जरी म्हणाली, अकराशे. आणि तो लिहायला लागला. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा. मी काही बोललो नसतो तर अकराशे मिळाले असते. बोललो. म्हणालो, अकरा हजार. त्या पोराने आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग नुसतं कागदाकडे. मार्जरी हसली. पाहुण्यासमोर हसावं तशी हसली, त्याला कॉफी दिली, दारापर्यंत पोचवलं. मग एकोणीस दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच, "पैशांचं मला काही नाही, क्लेम. तू पूल उचलतोस, आपण काही भिकारी नाही. पण मी तेहतीस वर्षं अकराशेच म्हणत होते, माझ्या बहिणीला, सगळ्यांना, छातीठोकपणे. तू मला मूर्ख करून ठेवलंस." मी सगळं विकलं. भिजलेलं, न भिजलेलं, मोज्यांतलंसुद्धा. त्याला आता चौदा महिने झाले, आणि चौदा महिन्यांत मी तिच्याशी एक शब्द खोटा बोललेलो नाही. दारू सुटलेली माणसं दिवस मोजतात ना, तसे मी मोजतो. यंदा उन्हाळ्यात ती आपण होऊन म्हणाली, एक घे. एकच. सहाशेपर्यंत. आणि मला खरा आकडा सांग.

सहाशेत एक. सगळ्यासाठी एक. यावर तर दर ऑक्टोबरला मी नवख्यांपुढे भाषण देतो! पहिली दुर्बीण कशी निवडावी, क्लेम जब्लॉन्स्की, पांढऱ्या फळ्यावर तीन चित्रं. भिंगाची असेल तर चित्र सुईसारखं टोकदार, पण इंच वाढला की किंमत आभाळाला. आरशाची असेल तर तेवढ्याच पैशांत दुप्पट उजेड, पण धूड, आणि आरसे वरचेवर सरळ करा. दोन्हींचं कडबोळं असेल तर आटोपशीर, पण दोन्हीकडचं थोडं थोडं गमावलेलं. मग एखादी बाई हमखास विचारते, पण सगळ्यांत चांगली कोणती? आणि मी बोट उंचावून म्हणतो, "अहो, तुम्हाला चंद्र बघायचाय की दीर्घिका? जिना किती पायऱ्यांचा? पाठ कशी आहे?" लोक हसतात, लिहून घेतात, साडेतीनशेची आरशाची घेऊन सुखाने घरी जातात. आणि मी, सांगणारा, जूनपासून निवडू शकलो नव्हतो. आठ इंची आरशाची सहाशेत बसते, पण मागच्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालंय, ते धूड तळघरातून अंगणात मी रोज नेणार नाही हे मला पक्कं ठाऊक. पाच इंची आणावी तर दीर्घिका गेल्या. भिंगाची स्वस्तातली आणावी तर गुरूला जांभळी किनार. एकीत हे नाही, दुसरीत ते नाही. मार्जरी परवा चिडून म्हणाली, "लग्नाला तू एवढा विचार केला नव्हतास." आणि चार इंची, रंग न फुटणारं भिंग, एका हातात उचलून अंगणात नेता येणारं, शनीची कडी सुरीने कापल्यासारखी, तीच दुर्बीण कमी ताकदीवर कृत्तिकांचा अख्खा पुंजका एका घासात घेणारी, हे सगळ्यासाठी एक याच्या जेवढं जवळ जाता येतं तेवढं जवळ. सहाशेत. मला वाटलं कुणीतरी वर बसून माझी चेष्टा करतंय.

गुरुवार, शुक्रवार मी पुलावर बसून हाच खेळ खेळलो. समज, घेतली. मार्जरी विचारेल, किती? सहाशे. पावती? ही घे, लॉर्नाच्या हातची, सहाशे. एक अक्षर खोटं नाही. चौदा महिने तसेच अभंग, वर शाबासकी. आणि ऑरिनचीही लाज राखली जाईल, म्हातारीच्या डोक्यात शेवटी शेवटी विष कशाला कालवा? किती सोज्वळ दिसत होतं ते! जितकं सोज्वळ दिसायचं तितकी मला शिसारी यायची. मग दुसरी बाजू. सांगितलं, तर तिचे पाच हजार चारशे वाचतात आणि नवरा जातो. पुन्हा एकदा जातो. नाही सांगितलं तर मी चोर आणि ती सुखी. ऑरिनने तिकडे मातीत पडल्या पडल्या मला हे कशात अडकवलं? शुक्रवारी आम्ही नेहमीप्रमाणे मासे खायला गेलो, पर्च, राईचा ब्रेड, कोबी. मार्जरी म्हणाली, "लॉर्नाकडे जाताना केक घेऊन जा. आणि सहाशे म्हणजे चांगलंच स्वस्त ना?" मी म्हणालो, "हो, स्वस्त." ते खोटं नव्हतं. 

शनिवारी अकराला गेलो. घर अर्धं रिकामं, भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. लॉर्ना चौऱ्याहत्तरची, छोटीशी, स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या. "केक कशाला आणलास? वजन वाढवायला आणि कोण उरलंय इथे?" असं म्हणत लगेच सुरी शोधायला लागली. दुर्बीण तिने स्वयंपाकघरातच वर आणवून ठेवली होती, शेजारच्या पोरांकडून. पेटी उघडी. पांढरी नळी, एक ओरखडा नाही. मी झाकण काढून आत बघितलं, ते भिंग काळोख्या पाण्यासारखं दिसतं, आपण त्यात नसतोच. "धूळ बसली असेल बघ," लॉर्ना म्हणाली. "पुसणार होते, पण हात धजेना. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तो माझ्यावर दोनदाच ओरडला, त्यातला एकदा याच्यापायी. मी आपली फडकं घेऊन गेले, तर केवढ्याने! 'भिंगं पुसत नसतात, लॉर्ना! धूळ राहू दे, फडकं लावायचं नाही!' मी घाबरून फडकंच खाली टाकलं." मी हसलो. "बरोबर होतं त्याचं. धुळीने काही बिघडत नाही, फडक्याने चरे पडतात. आम्ही कुणीच पुसत नाही, मीसुद्धा नवख्यांना पहिलं हेच सांगतो." "म्हणजे वेडे सगळेच," ती म्हणाली आणि केकचा भला मोठा तुकडा माझ्यापुढे सरकवला.

पाकीट माझ्या खिशात होतं. सहा नोटा, शंभराच्या. मी ते काढलं, टेबलावर ठेवलं, आणि त्यावरचा हात काही उचलवेना. "लॉर्ना, ही सहाशेची नाही," मी म्हणालो. ती म्हणाली, "बरं, पाचशे दे मग. मला काय त्यातलं कळतं?" "तसं नाही. ही सहा हजारांची आहे. त्याने तेवढ्यालाच घेतली होती. आता जास्तच येतील." बोलताना मी पेटीच्या कडीकडे बघत होतो. माझ्या कानांत माझाच आवाज विमावाल्या पोरासमोर आला होता तसा आला, कोरडा, पायरीवर उभा राहून बोलल्यासारखा.  लॉर्ना म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं?" मी वर बघितलं. ती चिडली होती, गाल लाल झालेले. "सहाशे ठेवून गेला असतास गुपचूप! मी तुझ्या बायकोला नाताळात कार्ड पाठवलं असतं. तुला काय मोठा खरेपणा आलाय? त्याच्याबरोबर हसत उभा असायचास ना तिथे पार्किंगमध्ये? मी गाडीत बसून बघितलंय तुम्हाला." मी म्हणालो, "होतो." "मग?" 

ती उठली, ओट्यावरचं काहीतरी उगाच इकडचं तिकडे केलं. पाठमोरी असताना तिने विचारलं, "कुठल्या साली?" अठ्ठ्याण्णव, मी म्हणालो. "वसंतात?" हो, मेमध्ये. ती वळली, आणि तिने दोन बोटं उजव्या गालाला लावली, जबड्याच्या जरा वर. "त्या वर्षी माझ्या दोन दाढा दुखत होत्या. डॉक्टर म्हणाला वाचवता येतील, पण महाग पडेल. ऑरिन म्हणाला, आपण बघू काहीतरी, लॉर्ना, कर्ज काढू. मीच म्हणाले नको, ओव्हरटाइम बंद झालाय तुझा, काढून टाकते. मीच म्हणाले. तो दवाखान्यात माझा हात धरून बसला होता." तिची बोटं गालावरच होती. "हात धरून," ती पुन्हा म्हणाली. मला वाटलं आपण उठावं, पळून जावं, केक खाली पाडावा, काहीही. मला ऑरिन आठवत होता, त्याच मे महिन्यातला, क्लबच्या माळावर, ती दुर्बीण पहिल्यांदा लावली त्या संध्याकाळी. चंद्रकोर मावळत होती. तो डोळा लावून इतका वेळ गप्प राहिला की आम्ही त्याला हाक मारली, आणि त्याने वळून बघितलं तर रडत होता. आम्हाला वाटलं, आनंदाने. मी कित्येक वर्षं नवख्यांना ती गोष्ट सांगत आलोय, की असं पाहिजे बघा प्रेम.

मला वाटलं हे एवढंच. वाईट होतं, पण संपलं. आता ती रडेल, मी खांद्यावर हात ठेवीन, दुर्बीण क्लबातर्फे विकून पैसे पोचवीन. पण ती रडली नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि तिने अगदी हळू, जणू दुसऱ्या कुणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "क्लेम, क्लब दर बुधवारी असतो ना?"  "तो दर बुधवारी जायचा. सहाला जेवून. साडेअकरापर्यंत यायचा. बत्तीस वर्षं. माझा बुधवार म्हणजे विणकाम आणि रेडिओ. असतो ना दर बुधवारी?" महिन्यातून एक. दुसरा. बाकीचे तीन बुधवार ऑरिन कुठे होता हे मला खरंच माहीत नाही. असेल कुठे तरी पत्ते कुटत. असेल तळ्याकाठी गाडी लावून एकटा बसलेला, तो तसाही माणूस होता. असेल कुणाकडे. मला वाटायचं मी त्याला ओळखतो, आणि बत्तीस वर्षांतले तीन चतुर्थांश बुधवार माझ्यासमोर एकाएकी उघडे पडले, आत नुसता काळोख. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आत्ताच मी तिच्या दोन दाढा दुसऱ्यांदा उपटल्या होत्या. "हो तर," मी म्हणालो. "दर बुधवारी." "ढग असले तरी?" "ढग असले तरी. आत बसतो आम्ही. कॉफी असते. गप्पा मारतो, नकाशे बघतो, भिंगं पुसत बसतो." किती सहज आलं ते! चौदा महिन्यांच्या उपासानंतर जीभ जराही अडखळली नाही, वर आणखी तपशील लावून मोकळी झाली. मला माझीच भीती वाटली. लॉर्ना माझ्याकडे बघत होती. "भिंगं पुसत," ती म्हणाली. "हो," मी म्हणालो. "बरं," ती म्हणाली आणि उठून तिने माझी बशी उचलली. केक तसाच होता.

ती म्हणाली, घेऊन जा ती आणि विकून टाक, किती येतात ते मला सांगू नकोस, बहिणीच्या पत्त्यावर चेक पाठवायला सांग. मी पाकीट परत खिशात घातलं. पेटी गाडीच्या डिकीत ठेवली, हलकी होती, एका हाताने उचलली. झाकण लावतोय तोवर मागून चपलांचा आवाज आला. लॉर्ना स्वेटर गळ्याशी आवळत येत होती, हातात काहीतरी. फ्लॅनेलचं फडकं होतं, निळ्या चौकड्यांचं, धुऊन इस्त्री करून चार घड्या घातलेलं. तिने ते माझ्या हातात ठेवलं. "राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. "बुधवारी लागेल." तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. मग ती आत गेली, दार लावलं, कडी घातल्याचा आवाज झाला.  शेजारचा माणूस पानं गोळा करत होता, त्याने हात केला, मीही केला.

घरी मार्जरी बटाटे सोलत होती. मी सगळं सांगितलं. सहाशे, सहा हजार, शून्य, अठ्ठ्याण्णव साल, दाढा. माझी नाही ती, म्हणालो, विकायची आहे तिच्यासाठी. मी आपली आठ इंची आरशाची आणतो, कण्हत नेईन अंगणात. मार्जरीने सुरी खाली ठेवली. हात पुसले आणि माझ्यामागे येऊन दोन्ही खांद्यांवर ठेवले. ओले होते अजून. त्या पावसानंतर तिने मला असा आपण होऊन हात लावला नव्हता. "तू सांगितलंस तिला," ती म्हणाली. "क्लेम, तू खरंच सांगितलंस."  मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि ते कशाचं हे तिला सांगायला हवं होतं, आत्ता, याच घटकेला, हात खांद्यावर आहेत तोवर. सांगितलं की ते उचलले जाणार. तेवढ्यात तिला माझ्या कोटाच्या खिशातून डोकावणारं फडकं दिसलं. तिने ते ओढून काढलं, उलगडलं. "हे कशाला? तू तर पुसू देत नाहीस कुणाला." "लॉर्नाने दिलं." "का?"

"उगाच," मी म्हणालो.

"बिचारी," मार्जरी म्हणाली, आणि तिने ते पुन्हा त्याच घड्यांवर नीट दुमडून माझ्यापुढे टेबलावर ठेवलं.